कीव आणि हाक

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १ ते १०



आजचे दहा श्लोक आपण बहुतेक वेळा पटकन स्क्रोल करून पुढे जातो. पहिल्या अध्यायातला अर्जुनाचा शोक सांगून झालेला असतो आणि ज्या उपदेशासाठी आपण गीता उघडतो तो अकराव्या श्लोकापासून सुरू होतो. मधले हे दहा म्हणजे नुसती लोडिंग स्क्रीन, असं वाटतं. पण या दहा श्लोकांत कृष्ण काय करतो, आणि काय करत नाही, यावर आज जरा थांबूया.

अर्जुनाचे डोळे पाण्याने भरलेत. पहिल्या अध्यायात त्याने आपल्या शरीराची अवस्था सांगून झाली आहे: अवयव गळालेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटलाय, गांडीव हातातून निसटतंय. शेवटी धनुष्य टाकून तो रथात बसतो. समोर त्याचा जिवलग सखा आहे. दुसरा कोणी असता तर खांद्यावर हात ठेवून म्हणाला असता, "जाऊ दे रे, नको लढूस, मी बघतो काय ते." कृष्ण यातलं काहीच म्हणत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्लोकात तो चक्क झापतो. हे तुला शोभत नाही, हा मनाचा दुबळेपणा टाक आणि ऊठ. पुढे "मी लढणार नाही" असं सांगून अर्जुन गप्प बसतो, तेव्हा कृष्ण हसल्यासारखा दिसतो, असं संजय सांगतो.

आजच्या भाषेत कोणीतरी म्हणेल, हा कसला फ्रेंड? समोरच्याला पॅनिक अटॅक आलाय आणि हा हसतोय? हा आक्षेप खरा आहे, आणि तो मनात येऊनच पुढे वाचायला हवं. करुणासागर म्हणून ज्याला आपण हाका मारतो, त्याला समोर बसलेल्या मित्राची कीव येत नाही, हे काय आहे?

संजयाचा शब्द मजेशीर आहे. अर्जुनाला काय झालं होतं ते सांगताना तो "कृपा" हा शब्द वापरतो. आपल्याकडे कृपा म्हणजे गुरुकृपा, देवाची कृपा, वरून खाली येणारी छान गोष्ट. इथे मात्र कृपेने अर्जुनाला झपाटलंय, जसं एखाद्याला भूत झपाटतं. आणि सातव्या श्लोकात स्वतः अर्जुन आपल्या अवस्थेला "कार्पण्य" म्हणतो. कार्पण्य आलं कृपण या शब्दापासून. मराठीत कृपण म्हणजे चिक्कू, पण संस्कृतात त्याचा एक अर्थ दीनवाणा, केविलवाणा असाही आहे. कृपा, कृपण, कार्पण्य हे सगळं एकाच कुळातलं. म्हणजे जी भावना दुसऱ्याकडे वळली की दया होते, तीच स्वतःभोवती गोल फिरायला लागली की माणूस केविलवाणा होतो. इतकं जवळचं नातं आहे त्यांचं.

इथून मला आजचा प्रश्न सापडला. आपण माणसं दुसऱ्याच्या मनात आपल्याबद्दल कीव का निर्माण करतो, आणि कशी? आणि ते चूक आहे का?

कशी, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. प्रत्येक मराठी घरात हे शास्त्र तोंडपाठ असतं. "माझं काय, मी खाईन शिळंपाकं, तुम्ही जेवून घ्या." "मी गेल्यावर कळेल तुम्हाला." ऑफिसात अप्रेझलच्या महिन्यात एखाद्याचा होम लोन अचानक सगळ्यांना माहीत होतो. डेडलाइन हुकली की आधी सॉरी येत नाही, आधी तब्येत येते. व्हॉट्सॲप स्टेटसवर कोणाचंही नाव नसलेलं वाक्य येतं आणि ज्याने वाचायचं त्याने ते बरोब्बर वाचावं अशी सोय केलेली असते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. मागायचं काय ते सांगितलेलं नसतं. फक्त दुःख समोर ठेवलेलं असतं, आणि मागणी ऐकणाऱ्याने आपण होऊन पुरी करावी अशी अपेक्षा असते.

या प्रकाराचं सगळ्यात तपशीलवार चित्र वाल्मीकींनी अयोध्याकांडात काढलंय. दुसऱ्या दिवशी रामाचा राज्याभिषेक आहे. दशरथ ही आनंदाची बातमी सांगायला कैकेयीच्या महालात येतो, तर ती क्रोधागारात जमिनीवर पडलेली, दागिने काढून फेकलेले. म्हातारा राजा हादरतो. तुला बरं नाही का, वैद्य बोलावू का, कोणी अपमान केला का, कोणाला शिक्षा करू, कोणाला सोडून देऊ, अशी एकावर एक विचारणा करत सुटतो. कैकेयीचं उत्तर अगदी नीट वाचायला हवं. ती सांगते की मला कोणी त्रास दिलेला नाही, कोणी अपमानही केलेला नाही, माझी एक इच्छा आहे. पण ती आधी सांगणार नाही. आधी तू पुरी करायचं वचन दे, मग सांगते.

हा क्रम लक्षात घ्या. आधी दुःखाचं दर्शन, मग कोऱ्या चेकवर सही, आणि शेवटी रक्कम. फोनमध्ये काही ॲप्स असतात ना, उघडल्या उघडल्या कॅमेरा, माईक, कॉन्टॅक्ट्स, लोकेशन सगळ्याची परमिशन मागतात आणि नक्की काम काय करणार ते नंतर कळतं, तसं. दशरथ दुष्ट नव्हता, मूर्खही नव्हता. त्याने युद्धं जिंकली होती. पण आपल्या माणसाला जमिनीवर पडलेलं बघून त्याला एकच सुचलं, की हे लवकरात लवकर थांबलं पाहिजे. त्याने "अलाऊ ऑल" दाबलं.

आता आपण सगळे इथे एक चटकन निष्कर्ष काढतो: कैकेयी नाटक करत होती. त्यातून एक नियम काढतो, की कोणी रडत आलं तर आधी बघायचं, खरं आहे की नाटक. मला वाटतं हा प्रश्नच चुकीचा आहे.

कैकेयीची भीती तिच्यापुरती खरीच होती. मंथरेने पहिल्यांदा अभिषेकाची बातमी सांगितली तेव्हा ती खूश झाली होती, दागिना काढून दिला होता. मग मंथरेने तिच्या मनात भरवलं की राम राजा झाला की तू कौसल्येची दासी होशील आणि भरताचं काही खरं नाही. त्या रात्री कैकेयीच्या पोटात खरोखर गोळा आला असणार. म्हणजे दुःख खरं, तरीही कृती वाईट. उलटही होतं. उद्योगपर्वात कृष्ण तहाची बोलणी करायला हस्तिनापूरला निघतो, तेव्हा द्रौपदी रडते, दुःशासनाने ओढलेले आपले केस हातात धरून त्याला दाखवते आणि सांगते, तहाचं बोलताना हे केस आठव. हे कीव जागवणंच आहे, आणि अगदी नाट्यपूर्ण आहे. केस हातात घेऊन दाखवणं ही सरळ सरळ परिणामासाठी केलेली कृती आहे. तरी आपल्याला ते वाईट वाटत नाही. का?

कारण तिची मागणी उघड आहे. तिला न्याय हवाय, कौरवांवर कृष्णाचा राग वळायला हवाय, आणि ते ती तोंडाने सांगते, पांडवांच्या देखत सांगते. कृष्णाला फसवून वचन घेत नाही. त्याला नाही म्हणायची जागा आहे. कैकेयीने दशरथाची नेमकी तीच जागा काढून घेतली.

म्हणून "खरं की नाटक" सोडा. दोनच गोष्टी बघाव्यात: काय हवंय ते सांगितलंय का, आणि नकाराला जागा ठेवली आहे का. या दोन्ही गोष्टी असल्या तर ती हाक आहे, मग भले ती रडत मारलेली असो. नसल्या तर ते कीव मागणं आहे, मग भले दुःख शंभर टक्के खरं असो.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर हा लेख फार सोपा झाला असता. "लोक इमोशनल ब्लॅकमेल करतात, सावध राहा" असं सांगणारे रील्स पुष्कळ आहेत. पण माणसं सरळ मागायचं सोडून कीव का मागतात, हा प्रश्न राहतोच.

आमच्या घरात आजी होती. तिचे गुडघे दुखायचे, आणि आम्ही कुठे बाहेर निघालो की जास्त दुखायचे. नातवंडं हसायची, मोठी माणसं एकमेकांकडे बघायची. आईने एकदा ही गोष्ट वेगळ्या बाजूने बघितली. ती म्हणाली, "आपण दिवसभरात त्यांना काय विचारतो? जेवलात का, गोळी घेतली का, दुखतंय का. चौथा प्रश्न काय विचारतो?" आम्हाला आठवेना. स्वयंपाकघर गेलं, पैशाचे व्यवहार गेले, कोणाकडे लग्नाला किती आहेर करायचा हेसुद्धा तिला विचारणं बंद झालं होतं. आजीच्या एकाच वाक्याला घरात उत्तर मिळायचं, ते म्हणजे "दुखतंय गं". मग ती तेच वाक्य वापरणार. आमच्या क्षेत्रातल्या भाषेत, बाकीचे सगळे एंडपॉइंट आपण बंद केले, एकच चालू ठेवला, आणि मग तक्रार करतोय की सगळा ट्रॅफिक त्याच्यावर का येतोय.

आईने दूधवाल्याचा आणि पेपरवाल्याचा हिशेब आजीकडे दिला. कॅलेंडरवर खाडे लिहायचे, महिन्याच्या शेवटी पैसे मोजून द्यायचे. दूधवाला तिच्याशी वाद घालायला लागला आणि ती त्याच्याशी. गुडघे दुखायचे थांबले नाहीत, संधिवात काही हिशेबाने बरा होत नाही. पण ती आता म्हणायची, "गुडघा दुखतोय, तेलाची बाटली दे." वाक्यात मागणी आली.

माणूस कीव मागतो तेव्हा पुष्कळदा त्याच्याकडे दुसरं चलन उरलेलं नसतं. ज्याच्याकडे पगार आहे, मत आहे, अधिकार आहे, तो मागणी करतो. ज्याच्याकडे यातलं काही नाही तो दुखणं दाखवतो. आणि दुखणं दाखवायला आपणच शिकवलेलं असतं, कारण आपण फक्त त्यालाच प्रतिसाद देतो.

हे घरापुरतं नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक या तिघांनी २००७ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. अमेरिकेतल्या लोकांना एक साधा सर्व्हे भरायला देऊन त्याबद्दल ५ डॉलर दिले, आणि मग त्यातले काही दान करायची संधी दिली. एका गटाला आफ्रिकेतल्या अन्नटंचाईची आकडेवारी दाखवली, लाखो लोक उपाशी वगैरे. दुसऱ्या गटाला माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या एका मुलीची गोष्ट आणि फोटो दाखवला. आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, रोकियाला बघणाऱ्यांनी २.३८. आणि तिसऱ्या गटाला रोकियाही दाखवली आणि आकडेवारीही, तर त्यांनी १.४३ दिले. म्हणजे रोकियाच्या शेजारी लाखो उपाशी माणसं उभी केली तर रोकियाचेही पैसे कमी झाले.

हे वाचून मला पहिल्यांदा माणसांचाच राग आला होता. पण मग सिग्नलवरची बाई आठवली, कडेवर झोपलेलं पोर घेऊन काचेवर टकटक करणारी. आपण म्हणतो, मुलाला भांडवल करते. करत असेलही. पण आपला हात खिशात कशाने जातो हे तिला त्या संशोधकांच्या आधीपासून माहीत आहे. आकडेवारीला कोणी पैसे देत नाही. उपचारासाठी पैसे गोळा करणाऱ्या जाहिरातींत नळ्या लावलेल्या बाळाचाच फोटो का असतो, त्याचंही उत्तर हेच. त्या बाळाच्या आईवडिलांना तो फोटो लावताना काय वाटलं असेल, याचा विचार करा. आपल्या लेकराचं सगळ्यात असहाय क्षणातलं रूप हजारो अनोळखी लोकांना दाखवायचं, कारण नाहीतर कोणी थांबणार नाही. त्यांनी मागणी उघड सांगितली आहे, आकडा लिहिलाय, नकाराला जागा आहे. ती हाकच आहे. तरी हाक ऐकू यावी म्हणून त्यांना किंमत मोजावी लागली, आणि ती किंमत आपल्या सवयीने ठरवली.

कीव मागण्याची किंमत मागणाऱ्यालाच मोजावी लागते, हे आपण विसरतो. ज्याला कीव मिळते तो समोरच्याच्या नजरेत थोडा लहान होतो. कीव वरून खाली बघते. म्हणूनच काही माणसं मरण पत्करतात पण कीव मागत नाहीत.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आपल्याकडचं नाही, ग्रीसमधलं आहे. इसवी सन पूर्व ३९९ मध्ये अथेन्समध्ये सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर खटला चालला. तिथे आरोपीने आपली रडणारी पोरंबाळं, नातेवाईक कोर्टात उभे करायची पद्धतच होती. शेकडो नागरिक न्यायाधीश म्हणून बसायचे आणि मत द्यायचे, त्यामुळे अश्रूंचा उपयोग व्हायचा. प्लेटोने लिहिलेल्या त्या भाषणात सॉक्रेटिस सांगतो की मलाही तीन मुलगे आहेत, एक मोठा होत आलाय आणि दोन अजून लहान आहेत, पण मी त्यांना इथे आणणार नाही. कारण न्यायाधीशाचं काम न्याय द्यायचं आहे, मेहेरबानी करायचं नाही. त्याला पटवून द्यावं, त्याची मनधरणी करू नये. निकाल विरुद्ध गेला. तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर आपण सुटलो असतो, असं तो स्वतःच नंतर म्हणतो. मुलांना आणलं असतं तर ती तीस मतं मिळाली असती का? कदाचित.

थोडी गंमतही आहे यात. मुलांना आणणार नाही असं म्हणता म्हणता, मुलं आहेत, किती आहेत, त्यातली दोन लहान आहेत, हे सांगून झालंच की! इतका मोठा माणूस, तरी कीव जागवणं पूर्ण टाळता आलं नाही, किंवा त्याने मुद्दाम टाळलं नाही. मला हे वाचून बरं वाटतं. बोलणारा माणूस जिवंत आहे, त्याला मुलं आहेत, त्याला भीती आहे, हे बोलण्यातून पूर्ण धुऊन काढता येत नाही. काढायलाही नको.

कारण दुसऱ्या टोकालाही धोका आहे. माझ्या एका मित्राची नोकरी गेली. कंपनीने एका सकाळी मीटिंग लावली आणि दुपारी लॅपटॉप परत घेतला. दोन महिने त्याने घरी सांगितलं नाही. रोज बॅग घेऊन निघायचा आणि एका लायब्ररीत बसायचा. मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, घरी का नाही बोललास? तो म्हणाला, "आईला सांगितलं तर ती रडेल. मग मला तिची समजूत काढत बसावं लागेल. माझ्यात तेवढी ताकद नाहीये आत्ता." हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलंय. आपली कीव पुष्कळदा अशी असते की ती समोरच्यालाच सांभाळावी लागते. ज्याचं दुःख आहे त्याच्यावर आपल्या अश्रूंची ड्यूटी येते. मग तो लपवतो. त्या दिवशी त्याने माझ्याकडे काय मागितलं सांगू? "मला तीन माणसांची नावं दे, ज्यांना रेझ्युमे पाठवता येईल. आणि कोणाला बिचारा म्हणून सांगू नकोस." नावं दिली. नोकरी लागायला अजून चार महिने लागले, पण घरी त्याने त्याच आठवड्यात सांगितलं.

आता इथे भक्त म्हणून एक मोठी अडचण येते, ती टाळून पुढे जाता येणार नाही. माणसापुढे कीव मागणं असं शंकास्पद असेल, तर देवापुढे आपण दुसरं काय करतो? समर्थ रामदासांची करुणाष्टके तर नावापासूनच करुणा भाकणारी आहेत. नामदेवांपासून तुकोबांपर्यंत सगळ्यांनी पंढरीनाथाला काकुळतीला येऊन आळवलंय. मग हा भगवंतावर चालवलेला इमोशनल ब्लॅकमेल आहे का?

मला तसं वाटत नाही, आणि कारण शोधताना आधीच्याच दोन कसोट्या उपयोगी पडल्या. कैकेयीचा डाव चालला कारण दशरथाला माहिती अपुरी होती. ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे त्याच्यापुढे हा डाव चालूच शकत नाही. त्याला दुःख दाखवून फसवता येत नाही, आणि त्याची नाही म्हणायची जागा तर कोणीच काढून घेऊ शकत नाही. अजून एक फरक आहे. आपण माणसांपुढे रडतो तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्यांनी आपल्यावर काय काय अन्याय केले त्याची यादी असते. करुणाष्टकं म्हणून बघा. समर्थ तिथे लोकांची तक्रार घेऊन बसलेले नाहीत. स्वतःचंच मन आवरत नाही, भक्तीत आपण कमी पडतो, याची ती कळवळून दिलेली कबुली आहे. आणि मागणी एकदम उघड आहे: रामा, भेट दे.

भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्र आठवा. पाय मगरीच्या जबड्यात, ताकद संपलेली, सगळा कळप हतबल. तो हाक मारतो. पण त्याची स्तुती वाचली तर चकित व्हायला होतं. पायाच्या वेदनेचं वर्णन जवळजवळ नाहीच. सगळं वर्णन ज्याला हाक मारतोय त्याचं, त्या निर्गुण, सगळ्याच्या मुळाशी असलेल्या तत्त्वाचं. शेवटी तर तो म्हणतो की हा हत्तीचा देह टिकावा म्हणून मी हे मागत नाही, अज्ञानाचं आवरण जावं म्हणून मागतोय. हाक मारता मारता त्याची नजर स्वतःच्या पायावरून उचलली गेली. माझ्या मते कीव आणि प्रार्थना यांतला फरक इथे दिसतो. कीव मागताना माणूस आपल्या जखमेकडेच बघत राहतो आणि दुसऱ्यालाही तिथेच बघायला लावतो.

आता परत आपल्या दहा श्लोकांकडे येऊ. अर्जुन मुद्दाम कीव मागत नव्हता, त्याचं दुःख खरं होतं. पण चौथ्या-पाचव्या श्लोकापर्यंत त्याचं बोलणं परवानगी मागण्यासारखं आहे. भीष्म-द्रोणांना कसं मारू, त्यापेक्षा भीक मागून जगलेलं बरं. निर्णय त्याने आतून घेतलाय, कृष्णाने फक्त मान हलवायची आहे. कृष्णाने इथे कीव केली असती, तर अर्जुन मोकळा झाला असता आणि आयुष्यभर त्या एका मान हलवण्याच्या आधारावर जगला असता. सातव्या श्लोकात मात्र बदल होतो. तो म्हणतो, मला कळत नाहीये, मी गोंधळलोय, मी तुझा शिष्य आहे, मला शिकव. मागणी उघड झाली. कीव होती तिथे हाक आली. नवव्या श्लोकात तो पुन्हा "लढणार नाही" म्हणतो, म्हणजे गुंता सुटलेला नाहीच, पण दार उघडलंय. त्या दारातून पुढची सगळी गीता येते.

आणि कृष्ण निर्दय होता का, याचं उत्तर मला त्याच्या बोलण्यात नाही, त्याच्या जागेत सापडतं. तो रथातून उतरला नाही. दोन्ही सैन्यं तयार उभी असताना, सख्याने हातपाय गाळलेले असताना, तो जिथे होता तिथेच राहिला आणि पुढे अठराव्या अध्यायापर्यंत न कंटाळता बोलत राहिला. अर्जुनाने एकच गोष्ट पाच पद्धतींनी विचारली तरी उत्तर देत राहिला. दशरथ विरघळला. आपण बहुतेक जण एकतर विरघळतो, नाहीतर "ड्रामा आहे सगळा" म्हणून उठून जातो. कृष्णाने तिसरी गोष्ट केली. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगताना तो करुणा हे लक्षण अगदी सुरुवातीला सांगणार आहे, तेव्हा तिला करुणेचं वावडं नव्हतं असं नाही, त्याला ती कशी करायची ते माहीत होतं.

याच भगवंताने सुदाम्याच्या बाबतीत काय केलं तेही बघा, म्हणजे चित्र पूर्ण होतं. सुदाम्याला बायकोने मागायला पाठवलं होतं. तो गेला, राहिला, आणि काही न मागता परत निघाला. त्याने फाटकं वस्त्र पुढे केलं नाही, पोरांची उपासमार सांगितली नाही. उलट पोहेसुद्धा द्यायला लाजला, कृष्णाला ते ओढून घ्यावे लागले. आणि घरी पोचतो तर घर बदललेलं. इथे अर्जुनाला झापणारा तोच कृष्ण आहे. ज्याला जे लागतं ते त्याने ओळखलं. एकाला प्रश्न हवे होते, एकाला पोटाला हवं होतं.

आज दिवसभरात एवढंच करून बघूया. स्वतःला काही हवं असेल तर दुखणं सांगायच्या आधी मागणी एका वाक्यात सांगून बघा, आणि समोरच्याला नाही म्हणू द्या. आणि घरात, टीममध्ये कोणी सतत रडगाणं गात असेल, तर ते खरं की खोटं याची चौकशी करण्यापेक्षा त्या माणसाला एकदा विचारा, "तुला नक्की काय हवंय?" उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित त्याला पुष्कळ वर्षांत हे कोणी विचारलेलं नसेल. तोपर्यंत फक्त रथातून उतरू नका.

उद्या श्लोक ११ पासून पुढे.

राम कृष्ण हरी.